काचेपुढची काच

नवी लेन्स घेतली की बिल होता होता दुकानदार विचारतो, "फिल्टर टाकू ना?" लेन्स लाख-दीड लाखाची, फिल्टर पाच-सहा हजारांचा. मोठ्या आकड्याशेजारी लहान आकडा खुपत नाही. शिवाय एवढ्या महागड्या काचेवर ओरखडा उठला तर काय, ही धास्ती गिऱ्हाईक घरूनच घेऊन आलेलं असतं. म्हणून बहुतेक जण हो म्हणून मोकळे होतात. मला हा होकार कधी मनापासून पटला नाही, पण तो सरसकट चुकीचा आहे असंही म्हणवत नव्हतं. शेवटी ज्यांचं पोट या काचांवर चालतं अशा दोघांना मी एकत्र बसवलं.

काका पुण्यात कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करतात, अगदी रोलच्या जमान्यापासून. ती सासवडची. वडिलांचा फोटो स्टुडिओ आता तीच बघते. लगीनसराईत लग्नं, सोमवती अमावास्येला जेजुरी आणि सवड मिळाली की भिगवणला पक्षी. तिच्या वडिलांचे कॅमेरेही काकांकडेच यायचे, त्यामुळे दोघांनाही मनात ठेवून बोलायची गरज नव्हती. तिने नवी 24-70 घेतली होती, पुढचे आटे 82 मिलिमीटरचे. दुकानदाराने सुचवलेला फिल्टर घ्यायचा की नाही, एवढंच ठरायचं होतं.

"मुळात हा फिल्टर आला कशासाठी ते बघ," काकांनी सुरुवात केली. "रोलवर अतिनील किरणांचा परिणाम व्हायचा. डोंगरावर, समुद्रावर लांबचं सगळं निळसर आणि धुरकट यायचं. म्हणून तुझे बाबा यूव्ही लावायचे, नाहीतर किंचित गुलाबी झाक असलेला स्कायलाइट. तेव्हा त्याला काम होतं. आता डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढेच अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारी काच बसवलेली असते. लेन्सच्या एवढ्या काचांमधून येता येताही बराचसा अतिनील गळून पडतो. फिल्टरचं मूळ काम संपलं, पण विक्री थांबली नाही. मग त्याचं नाव प्रोटेक्टर झालं."

"नाव काहीही असू दे, काका. मला यूव्हीशी देणंघेणं नाही. घासलं, चरे पडले, खराब झालं तर काढून टाकता येईल असं काहीतरी मला पुढे हवंय."

"आणि लेन्स पडली तर?"

"तर फिल्टर फुटेल, लेन्स वाचेल. हेल्मेटसारखं."

काका उठले आणि त्यांनी खणातून एक झूम लेन्स काढली. मालकाने परत नेलीच नव्हती ती. पुढच्या कड्याला एका ठिकाणी चेप बसला होता आणि त्यात फिल्टरची रिंग तिरकी रुतलेली. रिंगेत काच नव्हती, कडेला दोन-तीन टोकदार तुकडे तेवढे अडकून होते. आतली मोठी काच मात्र स्वच्छ, तिच्यावर चराही नाही. "ही घेऊन आला तेव्हा तोही हेच म्हणाला, फिल्टरने वाचवली." काकांनी ती लेन्स कॅमेऱ्याला लावली, भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या पानाचा फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून दाखवला. डावीकडच्या छोट्या जाहिरातींतलं अक्षर न् अक्षर लागत होतं. उजवीकडे त्याच मापाची अक्षरं फरपटल्यासारखी दिसत होती. "आतल्या एका काचेची जागा हलली आहे. आम्ही डिसेंटर झाली म्हणतो. पडण्याचा दणका रिंगेतून नळीत गेला, नळीतून आतल्या काचांच्या बैठकीत गेला. फिल्टरने काय अडवलं? तुझं हेल्मेट डोक्यापेक्षा टणक असतं. फिल्टरची काच जेमतेम दोन मिलिमीटर जाड आणि सपाट. लेन्सची पुढची काच त्याच्या कितीतरी पट जाड आणि फुगीर. जी काच आधी फुटणारच होती ती फुटली. तिच्या फुटण्यावरून मागची काच वाचली असं कसं म्हणायचं? फिल्टर नसता तरी ती शाबूतच राहिली असती."

हा मुद्दा मला या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फुटलेल्या फिल्टरचा फोटो दाखवून 'माझी लेन्स वाचली' असं सांगणारे पुष्कळ भेटतात आणि ते खोटं बोलत नसतात. पण त्यांच्या हातात पुरावा असतो तो फिल्टर नाजूक असल्याचा. लेन्सवर काय ओढवलं असतं हे त्यातून कळत नाही. उलट पडल्यावर फिल्टरचे तुकडे आतल्या काचेवर घासले तर चरे त्यांनीच पडतात. रिंग वाकून आट्यांत रुतली तर ती कापून काढायचं काम वेगळंच. पडण्यापासून वाचवायचं तर हूड कामाचं. ते पुढे आलेलं असतं, थोडं लवचिक असतं, पहिला मार खातं आणि आडवा प्रकाशही अडवतं. काका हूडचे कट्टर पुरस्कर्ते आहेत आणि त्यांचं बरोबर आहे.

"पडण्याचं सोडून दिलं," ती म्हणाली. "पटलं मला. पण तुम्ही सोमवतीला जेजुरीला या एकदा."

मग तिने जे सांगितलं ते काकांच्या टेबलावरून दिसणारं नव्हतं. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला निघते, गडावर माणसाला माणूस लागलेला असतो आणि येळकोटाच्या गजरात सगळीकडून भंडारा उधळला जातो, बरोबर खोबऱ्याच्या वाट्यांचे तुकडे. दीपमाळा पिवळ्या, पायऱ्या पिवळ्या, हवाही पिवळी. "फोटो काढायचा तर वर बघत काढावा लागतो आणि भंडारा वरूनच येतो. हूड लावलं तर त्यातच साठतो. ब्लोअरने उडवला की कोरडा असेपर्यंत निघतो. पण घामाचा हात लागला, कुणाची ओली बाही घासली, की त्याचा लगदा होतो. लगदा रुमालाने पुसायला गेलं की काचेच्या कडेला रिंगेच्या खाचेत पिवळी रेघ बसते. ती पाण्याने निघत नाही."

"हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही," काका म्हणाले. "अल्कोहोलमध्ये विरघळतो. लेन्स साफ करायच्या द्रावणात ते असतं. एक थेंब कापडावर घ्यायचा, काचेवर टाकायचा नाही."

"गडावर गर्दीत उभी राहून थेंब मोजू? तिथे ओढणीचं टोक हाताशी असतं, तेच फिरतं. फिल्टर असला की मी बेधडक पुसते. घरी येऊन तो काढते, नळाखाली धरते, साबण लावते, वाळवते. लेन्स नळाखाली धरता येईल का? हरिहरेश्वरला, गुहागरला खारे तुषार उडतात तेव्हाही हेच. ते वाळले की मिठाचे कण होतात. कोरडं पुसलं की तेच कण काच घासतात. आधी पाण्याने विरघळवायला हवेत."

काका थोडा वेळ गप्प राहिले. दुरुस्तीवाल्याकडे येतात त्या पडलेल्या, बुरशी धरलेल्या, अडकलेल्या लेन्स. रोजच्या पुसण्याने हळूहळू झिजत गेलेलं आवरण घेऊन त्यांच्याकडे कोणी येत नाही, कारण त्याने लेन्स बंद पडत नाही. माझ्या मते फिल्टरच्या बाजूचा खरा मुद्दा हा पुसण्याचा आहे. दणका क्वचित बसतो, पुसणं रोजचं असतं. आणि काचेचं नुकसान मऊ कापडाने होत नाही, कापडाखाली सापडलेल्या कणाने होतं.

तिने आणखी एक दाखला दिला आणि तोही तोडीचा. कॅननच्या 17-40 एफ/4 एल या लेन्सच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं आहे की झूम करताना पुढची काच मागेपुढे सरकते, म्हणून धूळ आणि पाण्यापासून पुरेसा बचाव हवा असेल तर पुढे फिल्टर लावावा. "मग कंपनी पण दुकानदाराला सामील का?"

"नाही, ते खरंच आहे," काकांनी लगेच मान्य केलं. "तशा लेन्सवर फिल्टर हा लेन्सचाच भाग समजायचा. पण एक लक्षात ठेव, भंडारा झूमच्या रिंगेतून आणि कॅमेऱ्याच्या बटणांतूनही आत शिरतो. जेजुरीला जाताना सगळ्याला प्लास्टिकची पिशवी घाल आणि तोंडाशी चिकटपट्टी लाव. पुढची एक काच झाकून बाकी सगळं उघडं ठेवण्यात शहाणपण नाही."

एवढं जमल्यावर गाडी फोटोवर आली. फिल्टर लावून फोटो बिघडतो का?

"दिवसा, प्रकाश पाठीमागून असेल तर चांगल्या फिल्टरने काहीही बिघडत नाही. मी स्वतः लावून-काढून पाहिलंय, फरक सांगता येत नाही," काका म्हणाले. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा आवडला. विरोधक सहसा इथे अतिशयोक्ती करतात. "बिघडतं ते रात्री. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण 4 टक्के प्रकाश परत फिरतो. फिल्टरला पृष्ठभाग दोन, म्हणजे 8 टक्के. तेवढा प्रकाश कमी झाला म्हणून काही अडत नाही. परत फिरलेला प्रकाश नको तिथे जाऊन बसतो, ही अडचण. वरातीत एलईडीच्या माळा असतात, मंडपात फोकस असतात. त्यांचा प्रकाश लेन्समधून सेन्सरवर पडतो. सेन्सर चकचकीत, तो थोडा प्रकाश मागे फेकतो. तो उलटा प्रवास करून लेन्सच्या तोंडाशी येतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत. दिवा चौकटीत वर डावीकडे असेल, तर खाली उजवीकडे, मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे, त्याचा हिरवट ठिपका उमटतो. लेन्सची काच फुगीर असल्यामुळे तिच्यावरून परतलेला प्रकाश विखरून जातो. सपाट काच मात्र त्याचं रेखीव चित्र बनवते."

सिनेमाचे छायाचित्रकार कॅमेऱ्यापुढच्या चौकटीत फिल्टर किंचित तिरका करतात ते याचसाठी. उत्तर ध्रुवाकडे अरोरा बघायला जाणारे मराठी पर्यटक आता कमी नाहीत. त्यांनी तर तिथे फिल्टर आधी काढून ठेवावा. अरोराचा हिरवा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो, 557.7 नॅनोमीटरचा. फिल्टरच्या दोन समांतर पृष्ठभागांमध्ये तो मागेपुढे फिरला की फोटोच्या मधोमध एकात एक वर्तुळं उमटतात. इतका प्रवास आणि खर्च करून आणलेल्या फोटोतून ती नंतर काढणं फार जिकिरीचं.

"माझ्या लग्नांच्या फोटोंत ते हिरवे ठिपके येतात," ती म्हणाली. "मला वाटायचं लेन्सचाच दोष."

"कोणता फिल्टर आहे?"

तिने जुन्या लेन्सवरचा फिल्टर काढून दिला. पाच-सहाशे रुपयांचा, कुठल्याशा किटसोबत आलेला. काकांनी तो ट्यूबलाइटखाली तिरका धरला. काचेत ट्यूब लख्ख पांढरी दिसत होती, आणि जवळून पाहिलं तर एकावर एक सरकलेल्या दोन ट्यूब. मग त्यांनी स्वतःजवळचा एक चांगला फिल्टर तसाच धरला. त्यात ट्यूब ओळखता येत होती एवढंच, अगदी फिकट आणि जांभळट हिरवी. "हे थरांचं काम. येनाच्या झाइस कंपनीत ओलेक्झांडर स्माकुला नावाचे शास्त्रज्ञ होते, 1935 साली त्यांनी काचेवर अतिशय पातळ थर चढवून परावर्तन कमी करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे एकाच्या जागी अनेक थर आले. तुझ्या लेन्समध्ये डझनाहून जास्त काचा आहेत, त्या या थरांमुळेच एकत्र काम करू शकतात. आणि त्या सगळ्यांच्या पुढे तू ही बिनलेपाची काच लावलीस."

अमेरिकेत लेन्स भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्स कंपनीचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी 2011 साली साठवणीतले फिल्टर एकावर एक रचून एकाच लेन्सला लावले आणि फोटो काढले. नंतर चांगले पाच आणि टाकाऊ पाच अशा वेगळ्या चळती करून पाहिल्या. चांगल्या पाचांतून चित्र बऱ्यापैकी टिकलं, टाकाऊ पाचांनी पार धुऊन टाकलं. एका फिल्टरने एवढा फरक पडत नाही हे उघड आहे, पण फरक कोणत्या दिशेला जातो ते यातून दिसतं. म्हणून 'लावावा की लावू नये' यापेक्षा 'स्वस्तातला लावावा का' या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. लावू नये.

"म्हणजे महागडाच घ्यायचा," ती म्हणाली. "शेवटी दुकानदारच जिंकला."

"थांब. भिगवणच्या लेन्सचं काय?"

भिगवणसाठी तिच्याकडे 150-600 आहे, पुढचे आटे 95 मिलिमीटरचे. त्यावरही फिल्टर चढलेला होता. उजनीच्या पाण्यावरचे फ्लेमिंगो रेखीव येत नाहीत, ही तिची जुनी तक्रार. काकांनी तिला घरी करण्यासारखी एक चाचणी सांगितली: तिपाई घट्ट, लेन्स 600 वर, लांब भिंतीवर वर्तमानपत्र, फोकस दर वेळी नव्याने, एकदा फिल्टरसह आणि एकदा काढून. "रुंद लेन्सला फिल्टरच्या काचेतला उंचसखलपणा जाणवत नाही. 600 ला जाणवतो, कारण तिथे काचेतली बारीकशी लहरही मोठी होऊन येते. आणि 95 मिलिमीटरची काच एकसारखी सपाट बनवणं खर्चाचं काम आहे, ते स्वस्तात होत नाही. मोठ्या टेली लेन्सपैकी कितीतरींना पुढे फिल्टरचे आटेच नसतात. निकॉनच्या काही मोठ्या लेन्समध्ये कंपनीनेच पुढे एक संरक्षक काच बसवलेली असते, पण ती वक्र असते आणि लेन्सच्या आखणीत धरलेली असते. बोटीत बसून पक्षी टिपताना तुझ्या लेन्सच्या तोंडाला कोण हात लावायला येतं? तिथे एवढं मोठं हूड पुरे."

यावर तिने वाद घातला नाही. तो फिल्टर काढून ठेवायचं तिथेच ठरलं.

आता राहिला पैशाचा हिशेब. माझं मत सांगतो. फिल्टरच्या किमतीतला पहिला टप्पा खरोखर उपयोगाचा आहे: बिनलेपाच्या काचेकडून नामांकित कंपनीच्या बहुथरी काचेकडे जाणं. त्यावर आणखी पैसे टाकले की दोन गोष्टी मिळतात. एक, पाणी आणि तेलकटपणा धरून न ठेवणारा वरचा थर. दुसरी, पितळी रिंग. ती लेन्सच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांत सहसा अडकून बसत नाही. जेजुरी, विसर्जन, कोकणातला पाऊस असं ज्याचं काम आहे त्याने या दोन्हींसाठी पैसे खुशाल द्यावेत. त्याच्याही पुढे डब्यावर काचेच्या कणखरपणाचे दावे आणि कॅमेऱ्याच्या पिक्सेलशी जोडलेले मोठमोठे आकडे असतात. त्यांच्यासाठी मी पैसे मोजणार नाही. पाच-सहा हजार शिल्लक असतील आणि काम निसर्गाचं असेल तर ते पोलरायझरवर घालावेत. पावसाळ्यात ओल्या पानांवरची चकाकी तो काढतो, आणि खाली दबलेला रंग नंतर कॉम्प्युटरवर परत आणता येत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. नावाजलेल्या कंपन्यांच्या नावाने नकली फिल्टरही विकले जातात. भाव संशयास्पद कमी असेल तर ट्यूबलाइटची परीक्षा करावी.

"पण काका, पुढच्या काचेवर चरा पडलाच तर?" तिची मूळ भीती अजून होती. "फोटोत दिसणार ना?"

"एखादा बारीक चरा? नाही दिसत. ती काच फोकसपासून इतकी दूर असते की तिच्यावरची धूळ, चरा चित्रात उमटत नाही. सूर्य किंवा दिवा थेट त्याच्यावर पडला तर थोडा धूसरपणा येतो. मागच्या काचेवर चरा पडला तर मात्र घाबर. आणि बुरशीला घाबर. पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या बॅगेत बंद करून ठेवतात आणि फिल्टर आहे म्हणून निर्धास्त राहतात. बुरशी आत होते, तिला तुझा फिल्टर अडवत नाही. त्यासाठी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास."

"फोटोत दिसत नसेल, पण विकताना दिसतो. मुंबईत बोरा बाजारात जुनी लेन्स घेणारा पहिला टॉर्च मारून पुढची काचच बघतो. आणि दुसरं, समजा काच बदलायची वेळ आलीच. तुम्ही पैशाचं बोलता, मी दिवसांचं बोलते. सुटा भाग मागवायचा, सर्व्हिस सेंटरची रांग, दोन-तीन आठवडे कुठेच गेले नाहीत. एप्रिल-मे महिन्यात लग्नांसाठी माझ्याकडे ही एकच लेन्स आहे, तिचे हप्ते चालू आहेत आणि लग्नाच्या तारखा घेतलेल्या आहेत. नवरीकडच्यांना काय सांगू, काच यायचीय म्हणून?"

काकांनी याला उत्तर दिलं नाही आणि मलाही सापडलेलं नाही. काचेची किंमत आणि फिल्टरची किंमत शेजारी मांडून हा हिशेब सुटत नाही. ज्याच्याकडे दुसरी लेन्स आहे, ज्याला फोटो उद्या काढला तरी चालतो, त्याच्यासाठी काकांचं म्हणणं पूर्ण लागू आहे: हूड लावावं, टोपण लावावं, ब्लोअर जवळ ठेवावा आणि फिल्टरचे पैसे वाचवावेत. एकाच लेन्सवर घर चालवणाऱ्या बाईने हळदीच्या आणि अक्षतांच्या माऱ्यात पुढे एक चांगली काच ठेवली, तर मी तिला धास्तावलेली म्हणणार नाही.

तिने 82 मिलिमीटरचा एकच बहुथरी फिल्टर घ्यायचं ठरवलं, पितळी रिंगेचा. काकांनी अट घातली की रात्री वरातीत तो काढायचा. ती म्हणाली, एका हातात फ्लॅश, पुढे घोडा, मागे बँड, तिथे रिंग कोण फिरवत बसणार? मग काकांनी तडजोड सुचवली: हळद आणि विधी होईपर्यंत फिल्टर ठेवायचा, संध्याकाळी स्वागत समारंभाला जेवणाची सुट्टी मिळते तेव्हा काढून खिशातल्या डबीत टाकायचा आणि हूड चढवायचं. याला ती कबूल झाली. आटे फार आवळायचे नाहीत, फक्त टेकेपर्यंत फिरवायचे, हे काकांनी तिला दोनदा बजावलं.